नियोगी अहवाल कसा वाचायचा? आपला जिल्हा, अमेरिकेचं राजकारण आणि मधली न दाखवलेली वाट

विदर्भातलं मिशन, शाळा-दवाखाने, धर्मांतर, आदिवासी समाज यांपैकी काहीही तुमच्या पीएच.डी.च्या विषयात येत असेल, तर साहित्य आढावा लिहिताना एक नाव टाळता येणार नाही. ते म्हणजे नियोगी समितीचा अहवाल. गाईड म्हणतील, "तो एकदा बघून घ्या." तुम्ही शोधाल आणि तो इंटरनेटवर लगेच सापडेलही. मग बहुतेक जण जे करतात तेच तुम्हीही कराल. शिफारशींचं पान उघडायचं, दोन वाक्यं उचलायची, फूटनोट टाकायची आणि पुढे जायचं.

ही पोस्ट ते होऊ नये म्हणून आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: या अहवालात गावातल्या माणसांच्या तक्रारी आहेत आणि युरोप-अमेरिकेच्या राजकारणाबद्दलचा एक मोठा सिद्धान्तही आहे. दोन्ही वाचण्यासारखे आहेत. पण तक्रारीवरून सिद्धान्तापर्यंत जाणारी वाट अहवालात दाखवलेलीच नाही. संशोधकाने ती वाट आहे असं धरून चालायला लागणं, हीच खरी गडबड.

आधी ओळख

1954 साली आपला यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशात होता. हे अनेकांना आठवतच नाही. तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर, मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल, आणि वऱ्हाडचे चारही जिल्हे त्याच राज्यात. नेर तेव्हा दारव्हा तालुक्यातलं गाव. त्या सरकारने 14 एप्रिल 1954 रोजी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी. सदस्यांत एकच ख्रिस्ती होते, वर्ध्याचे प्राध्यापक एस. के. जॉर्ज. ते गांधीवादी होते, आणि ते आपले प्रतिनिधी नाहीत असं चर्चची मंडळी म्हणत होती.

समितीने 14 जिल्हे फिरून पाहिले. त्यात अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळ होते. 99 प्रश्नांची प्रश्नावली काढली. 77 ठिकाणी भेट दिली, म्हणजे दवाखाने, शाळा, वसतिगृहं, चर्च वगैरे. 11,360 लोकांशी संपर्क झाला आणि ही माणसं साधारण 700 गावांतली होती. अहवाल 1956 मध्ये नागपुरात सरकारी छापखान्यातून निघाला. पहिल्या खंडात समितीचं विवेचन, निष्कर्ष आणि शिफारशी. दुसऱ्या खंडात दौऱ्यांची टिपणं, प्रश्नावलीची उत्तरं आणि निवेदनं.

आता प्रामाणिकपणे सांगा, दुसरा खंड तुमच्यापैकी किती जणांनी उघडलाय?

अहवालाचं खरं बळ

टीका करायच्या आधी जे चांगलं आहे ते मोकळेपणाने मान्य करू. स्वातंत्र्यानंतर इतक्या लवकर, इतक्या गावांतून, धर्म या विषयावर सामान्य माणसाचं म्हणणं सरकारी कागदावर येणं ही छोटी गोष्ट नाही. कर्ज देऊन माणसं बांधून घेतली, शाळेत मुलांवर दडपण आणलं, दवाखान्यात उपचारासोबत प्रचार केला, अशा तक्रारी त्यात आहेत. त्या सगळ्याच खोट्या होत्या असं म्हणणं हा आळस आहे. गरिबाला अडचणीच्या वेळी मदत करायची आणि त्या उपकाराचं ओझं त्याच्या श्रद्धेवर टाकायचं, हा प्रश्न नैतिकदृष्ट्या खराच आहे. मदत मिशनची असो, सावकाराची असो की पुढाऱ्याची.

समितीला आंतरराष्ट्रीय राजकारणाचा संशय आला, त्यालाही कारण होतं. तो काळ डोळ्यांपुढे आणा. समिती नेमली एप्रिलमध्ये, आणि 19 मे 1954 ला अमेरिकेने पाकिस्तानबरोबर लष्करी मदतीचा करार केला. सप्टेंबरमध्ये सिएटो झालं. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते जॉन फॉस्टर डलेस. हे गृहस्थ 1940 च्या दशकात तिथल्या प्रोटेस्टंट चर्चच्या महासंघाच्या, युद्धानंतरची शांतता कशी असावी हे ठरवणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते. 14 जून 1954 ला अमेरिकेच्या निष्ठेच्या शपथेत देवाचा उल्लेख घातला गेला. देव न मानणाऱ्या कम्युनिस्टांविरुद्ध देव मानणारी अमेरिका, ही भाषा तिथले राज्यकर्तेच बोलत होते. तिकडे चीनमधून मिशनरी बाहेर काढले जात होते. चीनमध्ये भारताचे राजदूत राहिलेले का. म. पणिक्कर यांचं आशिया आणि पाश्चात्त्य वर्चस्वावरचं पुस्तक 1953 मध्ये आलं होतं. मिशन हा त्या वर्चस्वाचाच भाग, असं त्यात मांडलंय, आणि समितीने त्या पुस्तकाचा आधार घेतलाय.

म्हणजे नागपुरात बसलेल्या माणसाला अमेरिकन पैसा, अमेरिकन पाद्री आणि अमेरिकन करार एका ओळीत दिसले, तर त्यात वेडेपणा काही नव्हता. पण संशय रास्त असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं.

वाट कुठे तुटते

समितीचा मोठा निष्कर्ष साधारण असा आहे: धर्मांतर हा पाश्चात्त्य वर्चस्व पुन्हा उभं करण्याच्या जागतिक धोरणाचा भाग आहे, त्यातून देशाच्या ऐक्याला बाधा येते, आणि पुढेमागे मुस्लिम लीगच्या धर्तीवर ख्रिस्ती पक्ष किंवा वेगळ्या राज्याची मागणी येऊ शकते. हा निष्कर्ष टिकायला तीन गोष्टी दाखवायला हव्या होत्या. एक, अमेरिकेतली चर्च आणि अमेरिकेचं सरकार एका दोरीने चालतात. दोन, इथल्या मिशनचा आणि राज्यसत्तेचा संबंध कायम असाच राहिलाय. तीन, एका जिल्ह्यात दिसलं ते चौदाही जिल्ह्यांत लागू आहे. एकेक घेऊ.

पहिली गोष्ट. 1951 मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी जनरल मार्क क्लार्क यांना व्हॅटिकनला राजदूत म्हणून पाठवायचं ठरवलं. कम्युनिझमविरुद्धच्या राजकारणात पोपची साथ हवी, हा हिशोब. यावर सगळ्यात मोठा विरोध केला तो अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट चर्चनी. राज्य आणि चर्च वेगळे राहिले पाहिजेत, असं ते म्हणाले. शेवटी ते नाव मागे घ्यावं लागलं. हे समिती नेमायच्या फक्त तीन वर्षं आधीचं. तिकडे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट राजदूताच्या प्रश्नावर भांडतायत आणि इकडे अहवालाच्या सिद्धान्तात दोघे एकाच जागतिक योजनेचे भाग होतात. अहवाल आल्यानंतर, 1958 मध्ये, अमेरिकेतल्या चर्चच्या क्लीव्हलंड परिषदेने कम्युनिस्ट चीनला मान्यता द्या अशी मागणी केली, म्हणजे डलेसच्या धोरणाच्या थेट विरोधात. अमेरिकेत धर्म आणि परराष्ट्रधोरण यांचा संबंध होता, दाट होता. पण तो मालक-नोकराचा नव्हता. कधी साथ, कधी भांडण.

आपल्याच जिल्ह्यातलं बघा. यवतमाळला आलेलं मिशन फ्री मेथॉडिस्टांचं. हा पंथ 1860 मध्ये न्यूयॉर्क राज्यात मोठ्या मेथॉडिस्ट चर्चमधून फुटून निघाला. भांडणाचे मुद्दे काय होते? एक होता गुलामगिरी. दुसरा होता चर्चमधले बाक श्रीमंतांना भाड्याने द्यायची पद्धत. बाक सगळ्यांना फुकट हवेत, म्हणून नावातच 'फ्री'. अशा छोट्या, बंडखोर पंथाचे लोक वऱ्हाडात काय करत होते हा झकास संशोधनप्रश्न आहे. पण त्यांना नुसतं 'अमेरिका' म्हणून मोकळं झालं, की तो प्रश्नच मरतो.

दुसरी गोष्ट, मिशन आणि राज्यसत्ता. इंग्रज आले, त्यांच्या मागोमाग पाद्री आले, दोघे हातात हात घालून, असं आपण सरसकट म्हणतो. आता मराठी मुलखातलं सगळ्यात पहिलं अमेरिकन मिशन घ्या. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट 1812 मध्ये अमेरिकेहून कलकत्त्याला पोचले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देश सोडायला सांगितलं. 1806 च्या वेल्लोरच्या बंडानंतर धर्माच्या बाबतीत कंपनी फार घाबरून होती. त्यात जून 1812 मध्ये अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलं, म्हणजे हे दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक. ते फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला आले. त्यांना इंग्लंडला पाठवा असा कलकत्त्याचा हुकूम होता. दोघे गुपचूप बोटीने कोचीनला गेले, तिथून पकडून परत आणले गेले. मुंबईचे गव्हर्नर इव्हान नेपियन स्वतः धार्मिक वृत्तीचे होते. हॉलने त्यांच्या सदसद्विवेकालाच हात घातला आणि नेपियन हुकमाची अंमलबजावणी पुढे ढकलत राहिले. त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटने कंपनीच्या सनदेत मिशनऱ्यांना वाट करून दिली, आणि हे लोक टिकले. अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं ते असं.

या एका प्रकरणात किती पक्ष आहेत ते मोजा. कलकत्त्याचं सरकार, मुंबईचा गव्हर्नर, लंडनचे संचालक, पार्लमेंट, अमेरिकेचं सरकार आणि अमेरिकन मिशन बोर्ड. सहा. आणि सहाही जणांचा हिशोब वेगळा. 'राज्यसत्ता आणि मिशन' असं एका झटक्यात लिहिताना हे सहा जण आठवले पाहिजेत.

वऱ्हाडात तर गुंता आणखी. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं ते त्याच्या फौजेच्या खर्चापोटी. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमचा पट्टा झाला, तरी नावाची सत्ता निजामाचीच. म्हणजे यवतमाळात अमेरिकन ख्रिस्ती मिशन काम करत होतं, ते इंग्रज चालवत असलेल्या, पण मुसलमान राजाच्या मालकीच्या मुलखात, आणि गावांत बहुसंख्य हिंदू आणि आदिवासी. या परिस्थितीला 'साम्राज्यवाद' हा एकच शब्द पुरतो का? थोडा पुरतो. पूर्ण नाही.

तिसरी गोष्ट, जिल्ह्याजिल्ह्यातला फरक. समिती नेमावी लागली ती मुख्यतः पूर्वेकडच्या तक्रारींमुळे, म्हणजे सरगुजा, रायगड, जशपूर या भागातल्या, जो आज छत्तीसगडमध्ये आहे. तिथे संस्थानी राजवटी होत्या आणि त्यांनी धर्मांतरावर कायदे केले होते. रायगडचा 1936 चा, सरगुज्याचा 1945 चा. 1948 मध्ये संस्थानं विलीन झाली, ते कायदे सुटले, मिशन आत शिरली आणि शेजारी झारखंडची चळवळ चालू होती. वेगळ्या राज्याची भीती आली ती तिथून. वऱ्हाडात यातलं काहीच नव्हतं. ना ते संस्थानी कायदे, ना झारखंड. पण निष्कर्ष मात्र चौदा जिल्ह्यांवर सारखाच पसरला.

पैशाचंही तसंच. जानेवारी 1950 ते जून 1954 या काळात परदेशातून 29 कोटींहून जास्त रुपये मिशनसाठी आले आणि त्यातले दोन तृतीयांशाहून अधिक अमेरिकेतून, असा आकडा अहवालात आहे. आकडा मोठाच आहे. पण तो सगळ्या भारताचा आहे. त्यात दवाखाने, शाळा, पगार, बांधकाम सगळं येतं. यवतमाळच्या एखाद्या गावातल्या तक्रारीशेजारी हा आकडा ठेवला, की वाचणाऱ्याच्या मनात ते 29 कोटी त्या गावात उतरतात. तुमच्या चॅप्टरमध्ये असं होऊ देऊ नका.

कोण बोललं, कोण नाही

प्रश्नावलीला 385 उत्तरं आली. त्यातली ख्रिस्ती मंडळींची 55. हे प्रमाण पाहून लगेच 'समिती पक्षपाती होती' असं लिहू नका. कॅथलिकांनी मध्येच सहकार्य थांबवलं आणि समितीविरुद्ध नागपूर हायकोर्टात दाद मागितली. ती फेटाळली गेली. म्हणजे गैरहजेरीत त्यांचाही वाटा आहे. पण कारण काहीही असो, पुराव्यात एक बाजू पातळ आहे हे खरं. शिवाय समिती कायद्याने अधिकार दिलेला आयोग नव्हती. साक्षी शपथेवर नव्हत्या, त्यांची उलटतपासणी नव्हती. माणसं बोलली मराठीत, हिंदीत किंवा आपापल्या बोलीत. छापलं इंग्रजीत.

सगळ्यात कमी ऐकू येतो तो धर्म बदललेल्या माणसाचा आवाज. अहवालात तो बहुतेक वेळा फसवला गेलेला, भुलवला गेलेला असतो. स्वतः विचार करून, स्वतःचा फायदा-तोटा आणि अपमान तोलून निर्णय घेणारा माणूस तिथे फारसा भेटत नाही. आणि हे 1956 मध्ये, नागपुरात! त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला त्याच शहरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. यवतमाळच्या किती घरांचा इतिहास त्या दिवसाशी जोडलेला आहे हे तुम्हाला सांगायला नको. त्यात कुठलं परदेशी बोर्ड नव्हतं, कुणाचं कर्ज नव्हतं. आणि त्याच सोहळ्यात बौद्ध झालेल्यांत डॉ. नियोगी स्वतः होते.

यावरून 'बघा, विसंगती!' अशी टाळी घेण्याचा मोह होतो. टाळा. नियोगींचा आक्षेप फसवणूक आणि परकीय हस्तक्षेपावर होता, स्वतःच्या विवेकाने धर्म बदलण्यावर नव्हता, असं त्यांच्या बाजूने म्हणता येतं. मग पुढचा प्रश्न विचारा. विवेकाने निर्णय घेण्याची ताकद न्यायाधीशात आहे, दीक्षाभूमीवर आलेल्या मजुरात आहे, तर सरगुज्याच्या उरांवात किंवा आपल्याकडच्या कोलामात ती आहे की नाही, हे न विचारताच ठरवायचं का?

दुसऱ्या बाजूची पुस्तकंही तपासा

अहवाल आला तसा 1957 मध्ये मुंबईच्या कॅथलिकांनी पुस्तकरूपाने त्याला उत्तर दिलं. अशी उत्तरं वाचाच, पण तीही पक्षकाराचीच. मिशनच्या लेखनात एक नेहमीची सवय असते. दवाखान्यात किती रुग्ण आले ते सांगायचं, आणि प्रार्थनेला न बसणाऱ्याला कशी वागणूक मिळाली ते गाळायचं. जो प्रश्न समितीला विचाराल, तोच मिशनला विचारा.

आणि तुमच्या हातातली आवृत्ती कोणती ते बघा. 1998 मध्ये सीताराम गोयल यांच्या प्रस्तावनेसह अहवालाचं पुनर्मुद्रण झालं आणि इंटरनेटवर बहुतेकांना तेच सापडतं. त्या प्रस्तावनेची स्वतःची भूमिका आहे. ती वाचून मग अहवाल वाचला, की समिती काय म्हणाली आणि चाळीस वर्षांनी गोयल काय म्हणाले, हे मनात एक होऊन जातं. फूटनोटमध्ये 1956 लिहायचं आणि वाचायची 1998 ची प्रस्तावना, हे चालणार नाही.

यात एवढं काय अडलंय?

अडलंय. नोव्हेंबर 1956 मध्ये राज्य पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, बाकीचा प्रदेश नव्या मध्य प्रदेशात. परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवा, घटनेतला धर्मप्रसाराचा हक्क नागरिकांपुरता करा, या शिफारशी तशाच राहिल्या. पण विचार मेला नाही. 1968 मध्ये मध्य प्रदेशाने धर्मस्वातंत्र्य कायदा केला. 1977 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो वैध ठरवला आणि धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असं सांगितलं. तेव्हापासून असा कायदा कुठेही निघाला, की हा अहवाल पुरावा म्हणून पुढे येतो. त्यामुळे तुमच्या थीसिसमधलं एक ढिलं वाक्य फक्त थीसिसमध्ये राहत नाही. कुणीतरी ते उचलतं, आणि त्याचा भार गावात राहणाऱ्या एखाद्या कुटुंबावर पडतो.

म्हणून काम करताना निदान एवढं करा. यवतमाळच्या दौऱ्याची टिपणं वेगळी काढा. त्यात कुठल्या गावांची नावं आहेत, तक्रारदार कोण, तक्रार स्वतः पाहिलेली की ऐकीव, याचा तक्ता बनवा. त्या तक्त्याशेजारी पहिल्या खंडातले निष्कर्ष ठेवा आणि प्रत्येक निष्कर्षासमोर लिहा, याला आपल्या जिल्ह्यातला आधार किती. काही रकाने रिकामे राहतील. ते रिकामेच ठेवा, सरगुज्याच्या पुराव्याने भरू नका. मग गावात जा. नेरसारख्या ठिकाणी, यवतमाळ-अमरावती रस्त्यावरच्या गावांत, मिशनच्या शाळेत शिकलेली किंवा तिथल्या दवाखान्यात जन्मलेली म्हातारी माणसं अजून भेटू शकतात. त्यांना अमेरिकेबद्दल विचारू नका. फी किती होती, मास्तर कोण होते, प्रार्थनेला बसावं लागायचं का, न बसलं तर काय व्हायचं, ते विचारा.

एवढं हातात आल्यावर डलेस, ट्रुमन, निजाम आणि कंपनी सरकार यांना जरूर आणा. तोवर ते आणलेत, तर परीक्षक व्हायवामध्ये एकच प्रश्न विचारतील: यवतमाळचा पुरावा कुठे आहे? त्यावर अहवालाचा पान क्रमांक सांगून भागणार नाही.